मिरचीतोड हा शब्द मराठीत का नाही?



मराठीत 'ऊसतोड' हा शब्द आहे. ऊसतोड कामगार म्हटलं की वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढं बैलगाडी येते, कोयता येतो, पाचट येतं, मुकादम येतो, उचल येते. बीडच्या ऊसतोड बायांच्या गर्भपिशव्या काढून टाकल्या जातात, हा प्रश्न २०१९ साली विधिमंडळात पोचला. त्यांच्या नावानं सरकारचं महामंडळ आहे. त्यानं त्यांचं सगळं भलं झालं असं मी म्हणत नाही. पण त्यांना नाव आहे, आणि नाव असलेल्या माणसाला निदान हाक मारता येते.

आमच्या झाडीपट्टीतला माणूस दरसाल पौषात घराला कडी लावतो, लेकरू काखेत घेतो आणि तेलंगणात मिरची तोडायला जातो. खम्मम, वरंगल, मुलुगु, भद्राद्री कोत्तागुडेम. त्याला मराठीत नाव नाही. 'मिरचीतोड' असा शब्द मी कोशात पाहिला नाही, कवितेत पाहिला नाही, आपल्या ठरावांतसुद्धा पाहिला नाही. ज्याला शब्द नाही त्याच्यावर साहित्य कुठून येणार? आणि साहित्यात नाही म्हणून चळवळीत नाही, की चळवळीत नाही म्हणून साहित्यात नाही? या लेखात मला हेच तपासायचं आहे. मी पंडित नाही. आरमोरीच्या एका राईस मिलमध्ये कट्टे उचलतो, रात्री वाचतो, आणि जमेल तशी कविता लिहितो. त्यामुळं समीक्षेची भाषा मला येत नाही. वजनाची भाषा येते. तिच्यातच बोलतो.

आधी माल नीट पाहून घेऊ.

आरमोरी, वडसा, कुरखेडा, पलीकडं ब्रह्मपुरी, नागभीड, सिंदेवाही हा सगळा धानाचा मुलूख. धान एक पीक. मृगात पेरणी, मग रोवणा, दिवाळीच्या पुढंमागं कापणी, मग चुरणा. एवढं झालं की हात रिकामे. मालगुजारांच्या काळचे तलाव आहेत, पण त्यांचं पाणी पहिल्या पिकालाच पुरतं न पुरतं. गोसीखुर्दचा पाया राजीव गांधींनी १९८८ साली घातला. त्याचं पाणी कालव्याकालव्यानं येता येता एक पिढी म्हातारी झाली. रोजगार हमीचा कायदा महाराष्ट्रानं १९७७ साली देशात सगळ्यांच्या आधी केला. त्याच महाराष्ट्राचा मजूर हमीचं काम सोडून परक्या राज्यात बिनहमीच्या कामाला जातो.

तिकडं काय आहे? तिकडं काळी जमीन आहे, पाणी आहे, आणि तेजा नावाची मिरची आहे. बारीक, हलकी, जहाल तिखट. खम्ममच्या, वरंगलच्या बाजारात ती पोत्यांनी येते आणि तिथून चीनपर्यंत जाते. ही मिरची यंत्रानं तुटत नाही. एका झाडावर एक पिकलेली, एक कच्ची, एक फूल. निवडूनच तोडावी लागते, बोटांनीच तोडावी लागते. म्हणून बोटं लागतात. आणि बोटं कुठली? गडचिरोलीची, चंद्रपूरची, गोंदियाची, बस्तरची.

तोडणी किलोवर. आता वजनाचं गणित बघा. तेजा बारीक म्हणजे एका किलोत मिरच्या जास्त. मिरच्या जास्त म्हणजे खुडणं जास्त. पहिल्या तोड्याला झाड लदलेलं असतं, हात भरभर चालतो. तिसऱ्या तोड्याला झाड झडलेलं असतं, दिवसभर फिरून पोतं भरत नाही. भाव मात्र किलोचाच. तोटा कुणाचा? झाडाचा नाही, मालकाचा नाही. बोटांचा. काटा मालकाचा, वही ठेकेदाराची. गाडीचं भाडं आधीच कापलेलं, दिवाळीला घेतलेली उचल त्यातच वळती. राहायला शेतातच ताडपत्रीचं पाल. औषध मारलेल्या झाडात दिवसभर हात. रात्री हातांची अशी आग होते की तेल चोळलं तरी शमत नाही. आमच्या वस्तीतली एक बाई मला सांगत होती, तिचं अंगावर पिणारं पोर रात्री रडायचं आणि तिला ते उचलता यायचं नाही. हात लावला की पोराच्या अंगाची आग. ती कोपरांनी त्याला जवळ ओढायची.

तिला मी विचारलं, काकी, मग जाता काहून?

ती म्हणाली, "बाबू, अथी रोवना झाला, कापनी झाली, का हात रिकामे. तथी रोज तं भेटते. लेकीच्या लग्नाचं कर्ज का तुझी कविता फेडनार हाये?"

हे वाक्य लिहून ठेवा. या माणसांवर लिहिणाऱ्यानं त्यांना बिचारी म्हणायचं नाही, ही पहिली अट तिनंच घातली. ती हिशेब करून जाते. तिच्या हिशेबात कोण कुठं काटा मारतो, ते दाखवणं हे लिहिणाऱ्याचं काम.

आता साहित्याकडं येतो.

मराठी कवितेत स्थलांतर नाही असं नाही. भरपूर आहे. पण ते सगळं मुंबईकडं जातं. अण्णा भाऊ साठे वाटेगावहून पायी मुंबईला गेले आणि त्यांनी 'माझी मैना' ही छक्कड लिहिली. नारायण सुर्व्यांची कविता गिरणीच्या फाटकात उभी राहिली. बाबुराव बागुलांनी १९६३ साली 'जेव्हा मी जात चोरली होती' दिलं, त्यात शहरात आलेला आपला माणूस जात लपवून खोली शोधतो. नामदेव ढसाळांचा 'गोलपिठा' १९७२ चा. दया पवारांचं 'बलुतं' १९७८ चं, त्यात गाव आणि कावाखाना दोन्ही आहेत. ही आपली शिदोरी आहे. ती नसती तर माझ्यासारखा हमाल लिहायला बसलाच नसता. पण शिदोरी खाऊन आपण तिथंच बसून राहिलो. आपल्या मनात एक चित्र पक्कं झालं: मजूर म्हणजे शहरात गेलेला पुरुष. त्याला भोंगा आहे, चाळ आहे, युनियन आहे, आणि गावात राहिलेली बायको आहे.

मिरचीचं चित्र याच्या बरोबर उलटं आहे. इथं मजूर शहरात जात नाही, एका खेड्यातून दुसऱ्या खेड्यात जातो. भोंगा नाही. युनियन नाही. कायम मालक नाही. या साली एक शेत, पुढच्या साली दुसरं. आणि सगळ्यांत मोठी गोष्ट म्हणजे इथं मैना गावावर राहत नाही. मैनाच जाते. तिची बोटं भरभर चालतात म्हणून ठेकेदार आधी तिचं नाव लिहितो. पुरुष जातो तो पोती उचलायला आणि वाळवणावर राखण करायला. गावात राहतात म्हातारी आणि शाळेतली पोरं, तीही सगळी नाहीत. मराठीतलं विरहाचं सगळं गाणं पुरुष गेला आणि बाई राहिली यावर उभं आहे. बाई गेली आणि घर राहिलं, याचं गाणं कुठं आहे? कुणी लिहिलं असेल तर मला पोस्टानं पाठवा, मी भाडं देऊन वाचीन.

ग्रामीण साहित्याचं काय? तिथं शेत खूप आहे. ना. धों. महानोरांच्या 'रानातल्या कविता' १९६७ साली आल्या आणि मराठी कवितेत रान हिरवं झालं. ती कविता सुंदर आहे, मी ती वारंवार वाचली आहे. पण त्या रानाकडं बघणारा डोळा ते रान आपलं मानणाऱ्याचा आहे. ज्याला संध्याकाळी त्या रानातून काट्यावर उभं राहायचं आहे, त्याला हिरवा रंग वेगळा दिसतो. आपल्या ग्रामीण कथेतला शेतकरी रडतो तो पावसासाठी, भावासाठी, सावकारासाठी. खरं रडतो. पण त्याच्या बांधाच्या आत कामाला वाकलेला माणूस त्या कथेत बहुतेक मागं, धूसर उभा असतो, झाडासारखा. आनंद यादवांच्या 'गोतावळा'तला नारबा शेताचा मालक नाही, गडी आहे, आणि कादंबरी त्याच्याच तोंडून आहे, हे सांगायला हवं. ते मोठंच काम आहे. पण नारबा वर्षानुवर्षं एकाच मळ्यावर आहे, तिथल्या जनावरांना तो गोत मानतो. मिरची तोडणारीला कुठलं गोत? ज्या शेतात ती अडीच महिने राहते त्या गावाचं नाव तिला धड सांगता येत नाही. मालकाची भाषा तेलुगू, तिची झाडी. मधे ठेकेदार. तो जे सांगेल ते भाषांतर, तो जे देईल तो भाव.

मग २०२० साल आलं. २५ मार्चला देश बंद झाला, आणि एकाएकी सगळ्या मराठी कवींना मजूर दिसला. त्या उन्हाळ्यात किती कविता आल्या! फोड आलेले पाय, डांबरी रस्ता, रेल्वेरूळावर सांडलेल्या भाकरी. ८ मे २०२० ला औरंगाबाद जिल्ह्यात करमाडजवळ रुळावर झोपलेले सोळा मजूर मालगाडीखाली गेले. भाकरीची ती कविता तिथून आली. त्याच्या आधी, १८ एप्रिलला, बस्तरच्या बिजापूर जिल्ह्यातली बारा वर्षांची एक आदिवासी मुलगी मेली. ती तेलंगणात मिरची तोडायला गेली होती. काम बंद पडलं म्हणून ती सोबतच्या लोकांबरोबर तीन दिवस जंगलातून चालली आणि घर दहा-पंधरा किलोमीटरवर राहिलं असताना कोसळली. आमच्या चंद्रपूर-गडचिरोलीचेही हजारो लोक त्या दिवसांत तिकडं अडकले होते. कुणी मिरचीच्या पालात राहिले, कुणी डोक्यावर बोचकं घेऊन नदीकडं चालत सुटले.

त्या कविता खोट्या होत्या असं मी म्हणत नाही. पण त्यांचं वजन करून पाहा. त्या कवितांमध्ये मजूर दिसतो तो फक्त चालताना. काम करताना दिसत नाही. त्या मुलीचे पाय सगळ्यांनी पाहिले. तिची बोटं कुणी पाहिली? बारा वर्षांची पोर मिरचीच्या शेतात का होती, तिला किलोला काय मिळत होतं, तिला तिथं कुणी नेलं, हा प्रश्न कवितेनं विचारला नाही. चालणारा मजूर बघून दया येते. काम करणारा मजूर बघितला की मालकाचं नाव विचारावं लागतं. दयेला नाव विचारावं लागत नाही म्हणून ती स्वस्त आहे. रस्ते मोकळे झाले, कविता थांबली. पुढच्या पौषात पिकअप गाड्या पुन्हा भरल्या, तेव्हा तिथं एकही कवी नव्हता.

आता आपल्या घरच्या रंगभूमीकडं येऊ. आमची झाडीपट्टी नाटकाची वेडी. वडसा हे नाटक कंपन्यांचं माहेरघर. दिवाळीपासून होळीपर्यंत गावोगाव मंडई, शंकरपट, आणि रात्रभर नाटक. तिकीट काढून हजारो माणसं थंडीत बसतात. २०२३ साली आमच्या गडचिरोलीच्या परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली, तेव्हा साऱ्या झाडीपट्टीची मान ताठ झाली. पुण्या-मुंबईच्या नाटकाला अनुदान लागतं, आमच्या नाटकाला प्रेक्षक पोसतो. ही ताकद लहान नाही.

पण त्या पडद्यावर काय असतं? सासू-सुनेची भांडणं, पाटलाचा पोरगा, बहिणीचं कुंकू, दारुडा नवरा, मधेच लावणी. रडवतात, हसवतात. नाटक अर्ध्यात असतं तेव्हाच समोरच्या सतरंज्या विरळ व्हायला लागतात. तो प्रेक्षक घरी झोपायला जात नाही, मिरचीला जातो. संक्रांतीनंतर निम्मा टोला रिकामा होतो, आणि मंचावर कुणाला पत्ता नसतो की आपला प्रेक्षक कुठं गेला. ज्याच्या पैशावर नाटक चालतं तोच नाटकात नाही. ठेकेदार हे पात्र झाडीपट्टीला अजून सापडलेलं नाही. आणि तो तर पहिल्या रांगेत खुर्चीवर बसलेला असतो!

आपण 'पँथर' हे नाव अमेरिकेतून घेतलं. काळ्या भावांनी १९६६ साली कॅलिफोर्नियात ओकलंडला ब्लॅक पँथर काढली, आपण १९७२ साली मुंबईत दलित पँथर काढली. पण त्याच कॅलिफोर्नियात, त्याच्या एकच वर्ष आधी, आणखी एक गोष्ट घडली होती, ती आपण घेतली नाही. डिलानो नावाच्या गावी ८ सप्टेंबर १९६५ ला फिलिपिनो द्राक्षतोड मजुरांनी संप केला. आठवडाभरात सीझर चावेझ आणि डोलोरेस हुएर्टा यांची मेक्सिकन मजुरांची संघटना त्यांना मिळाली. मालक त्यांना एकमेकांविरुद्ध वापरत आले होते, ते एकत्र झाले. लोकांनी द्राक्ष विकत घेणं बंद केलं. पाच वर्षं लागली. जुलै १९७० मध्ये मोठ्या मळेवाल्यांनी करारावर सह्या केल्या.

आणि त्या संपात नाटक होतं. लुईस वाल्देझ नावाच्या तरुणानं १९६५ सालीच 'एल तेआत्रो काम्पेसिनो', म्हणजे शेतमजुरांचं नाटक, उभं केलं. मंच कुठला? उघड्या ट्रकचा पाठचा भाग. नट कोण? संपावरचे मजूर. गळ्यात पाटी अडकवायची: हा मालक, हा ठेकेदार, हा संपफोड्या. पाच-दहा मिनिटांचा खेळ, मळ्याच्या कडेला, म्हणजे आत काम करणारा संपफोड्यासुद्धा बघेल. मालकाचं काम मजूरच करायचा, आणि मालकाला कसं हसायचं ते तो त्यातच शिकायचा.

आपल्याकडं काय कमी आहे? ट्रकऐवजी पिकअप आहे. दंडार आहे, खडीगंमत आहे. खडीगंमतीत शाहीर तोंडावर बोलतो, सवाल टाकतो, जवाब मागतो. 'किलोला किती?' हा सवाल खडीगंमतीत टाका. तो वडसापासून सिरोंचापर्यंत जाईल. नाट्यगृह नको, पुरस्कार नको.

आता सगळ्यांत कडू घोट. ठेकेदार कोण आहे?

आपण बाबासाहेबांचं मनमाडचं १९३८ सालचं भाषण नेहमी सांगतो. कामगारांचे शत्रू दोन, ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही. बरोबर आहे. पण मिरचीच्या धंद्यात मालक दोनशे कोसांवर आहे, तो आम्हाला दिसत नाही. दिसतो तो ठेकेदार, आणि तो कितीदा तरी आपल्याच वस्तीतला असतो. कधी आपला बौद्ध, कधी गोंड, कधी ढिवर. चार साल स्वतः तोडणीला गेलेला, थोडी तेलुगू शिकलेला. माणशी दलाली घेतो, वजनातही खातो. तोच १४ एप्रिलच्या जयंतीला सगळ्यांत मोठी वर्गणी देतो, आणि बॅनरवर त्याचा फोटो बाबासाहेबांच्या खाली येतो. त्या दिवशी अर्धी वस्ती कुठं असते? ज्या बाईच्या वजनातून ती वर्गणी निघाली ती मिरवणुकीत नसते. ती खम्मममध्ये चौथ्या तोड्यावर असते. डीजे तिला ऐकू येत नाही.

आपली कविता मनूला जाळते. जाळावंच. पण मनू मेलेला आहे आणि ठेकेदार जिवंत आहे. जिवंत माणसाविरुद्ध लिहायला जास्त हिंमत लागते, कारण तो उद्या सकाळी पानठेल्यावर भेटणार असतो.

आणखी एक गोष्ट तिकडून परतलेले लोक सांगतात, ती मला फार मोलाची वाटते. गावात बौद्धांची वस्ती वेगळी, गोंडटोला वेगळा, ढिवरमोहल्ला वेगळा. तिकडं एकाच ताडपत्रीखाली सगळे झोपतात, एका चुलीवर भात शिजतो. मालकाच्या नजरेत सगळेच 'महाराष्ट्रवाले'. गावात परतलं की पुन्हा आपापल्या विहिरीवर. बाबासाहेबांनी जातीला श्रमिकांची विभागणी म्हटलं होतं. मिरचीच्या शेतात ती विभागणी अडीच महिने सैल होते. ती तशीच सैल ठेवून गावात आणता येईल का? या प्रश्नावर एक कादंबरी होईल. एक संघटनाही होईल.

कायद्याचं थोडक्यात. ओडिशात 'दादन' मजुरांची जी लूट चालली होती त्यावरून १९७९ साली आंतरराज्य स्थलांतरित कामगारांचा कायदा झाला. ठेकेदाराकडं परवाना पाहिजे, मजुराला फोटोचं पासबुक पाहिजे, प्रवासभत्ता पाहिजे, वर अर्ध्या महिन्याच्या पगाराइतका विस्थापन भत्ता पाहिजे. पाच मजूर असले तरी तो लागू होता. असं पासबुक आमच्या वस्तीत मी कुणाच्या हातात पाहिलं नाही. आता तो कायदा २०२० च्या नव्या संहितेत बुडवला, आणि ती संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. पाचाचे दहा झाले, विस्थापन भत्ता गळाला. मिळालेलं नसतानाच गेलं. आणि मिरचीचा ठेकेदार कागदावर ठेकेदार नसतोच. तो 'गावचा माणूस' असतो, लोकांना 'सोबत' घेऊन जाणारा.

म्हणून कार्यकर्त्यांना आणि लिहिणाऱ्यांना माझं एकच सांगणं. कवितेच्या आधी एक वही घाला. दोनशे पानी, साधी. पौषात गाडी सुटते तेव्हा तिथं उभे राहा. कोण गेलं, किती लेकरं, गाडीचा नंबर, ठेकेदार, कुठलं गाव, किलोला काय भाव कबूल केला, उचल किती. चैत्रात परत येतील तेव्हा तीच वही उघडा: मिळाले किती. दोन आकड्यांच्या मधे जे उरेल तो आपला विषय. बाबासाहेब १९१९ साली साउथबरो समितीपुढं गेले, १९२८ साली सायमन कमिशनपुढं गेले, ते आकडे आणि पुरावा घेऊन. दादासाहेब गायकवाडांनी १९५९ ला आणि १९६४ ला भूमिहीनांचे सत्याग्रह केले, तेव्हा तुरुंग भरले ते याच मजुरांनी. जमिनीचा तो सवाल अजून तसाच आहे. आमच्या धानोऱ्यातल्या मेंढा-लेखाला २००९ साली जंगलाचा सामूहिक हक्क मिळाला, पुढं तिथल्या ग्रामसभेनं स्वतःचा बांबू स्वतः विकला. ज्याच्या हातात काही आहे तो ठेकेदाराशी बसून बोलतो. ज्याच्या हातात काही नाही तो त्याच्या गाडीत बसतो.

आणि येत्या जयंतीला एक करा. ठेकेदाराची वर्गणी परत द्या. बॅनर लहान करा. चारपाच पोरं बल्लारशाहून गाडी धरा, खम्ममला उतरा, आणि आपली माणसं ज्या शेतात आहेत त्या शेतात बाबासाहेबांचा फोटो ठेवून संध्याकाळी जयंती करा. भाव विचारा, काट्यापाशी उभे राहा. तिथं जे ऐकाल ते लिहून आणा, शुद्धलेखनाची काळजी करू नका, झाडीत लिहा. हे पान त्यासाठी उघडं आहे.

तोवर मी हा शब्द वापरायला सुरुवात करतो. मिरचीतोड. मिरचीतोड बाई, मिरचीतोड कामगार. तुम्हीही वापरा.

जय भीम.